न आलेली जागा

तुमच्या कानात तोडी आहे आणि बस मोशीपाशी अडकली आहे. चाकणची पहिली पाळी सुटली की नाशिक रस्त्यावर हे रोजचंच. बाहेर कंटेनरमागे कंटेनर, नव्याकोऱ्या गाड्या लादलेले लांबलचक ट्रेलर, त्यांच्यामधून वाट काढणारे दुचाकीवाले. तुम्ही सेफ्टी शूजच्या नाड्या सैल केल्यात, डोकं खिडकीला टेकवलंत. फोनवर भीमसेन जोशी गातायत. अंतऱ्याच्या तोंडाशी ते निषादावर थांबतात, जरा जास्तच थांबतात, ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो, आणि मग तार षड्ज लागतो. ती जागा आली की तुमचा उजवा हात आपोआप वर जातो. शेजारी बसणाऱ्याला आता त्याची सवय झाली आहे.

ती जागा रोज येते. त्याच क्षणाला, त्याच वजनानं. तुमच्या दिवसभराच्या कामाशी हे छान जुळतं. सकाळपासून तुम्ही सीएनसीवरून उतरलेले जॉब तपासत होतात. प्लग गेजची ‘गो’ बाजू आत गेली पाहिजे, ‘नो गो’ बाजू जाता कामा नये. हजारावा तुकडा पहिल्यासारखाच हवा. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात, आणि तसल्या दहा-वीस मायक्रॉनवरून जॉब लाल पेटीत जातो.

मी तुमच्या आधीच्या पिढीतला. पिंपरीतल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनच्या टेबलावर माझी उमेदीची वर्षं गेली. भीमसेनजींचं गाणं मी वेड्यासारखं ऐकलं. आणि त्यांच्यावर मनातल्या मनात रागावलोही, अनेकदा. त्या रागाबद्दल मी कुणाशी धड बोललो नाही, कारण पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवाखाली बसून भीमसेनांबद्दल तक्रार करायची माझी छाती नव्हती. ते आज बोलायचंय. नुसतं सांगून मात्र ते पोचणार नाही, तुम्हाला माझ्याबरोबर यावं लागेल. डोळे मिटा. भोंगा झाला की उघडा.

भोंगा.

पिंपरी. सत्तरचं दशक. नेमकं साल विचारू नका, कारण मी तुम्हाला नेतोय ती रात्र माझ्या कितीतरी डिसेंबरांची मिळून बनलेली आहे. हवेत कटिंग ऑइलचा आणि थंडीत पेटवलेल्या शेकोट्यांचा वास आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सला येऊन दोन दशकं झालीत, टेल्कोचा विस्तार वाढत चाललाय, आकुर्डीतून बजाजच्या स्कूटर बाहेर पडतायत आणि त्या मिळायला लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेत. चिंचवडच्या मळ्यांत अजून ऊस आहे. चाकण म्हणजे कांद्या-बटाट्याचा बाजार. तिथे पुढे मोटारी तयार होतील असं आत्ता कुणी म्हणालं तर लोक त्याच्या तोंडाकडे बघत राहतील.

तुम्ही पंचविशीत आहात. गावाकडून आलात, आयटीआय केलंत, खोलीत चौघे राहता. ख्याल म्हणजे काय हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही. तुम्ही भीमसेनांकडे आलात ते अभंगाच्या वाटेनं. इथून देहू सायकलच्या टप्प्यात, आळंदी पलीकडच्या अंगाला. रेडिओवर पहाटे त्यांचा विठ्ठल ऐकला आणि हातातला दाढीचा ब्रश तसाच राहिला. त्यांचा अभंग ऐकायला म्हणून तुम्ही एकदा मैफलीला गेलात, तर आधी सव्वा तास एकच राग. त्या सव्वा तासात तुम्हाला काही कळलं नाही, पण उठवलंही नाही. पुढच्या वेळी तुम्ही त्या सव्वा तासासाठीच गेलात.

आज सवाई गंधर्व महोत्सवाची तिसरी आणि शेवटची रात्र. आपल्या पट्ट्यातली साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, ती काही उपयोगाची नाही. म्हणून तुम्ही पाळी बदलून घेतली आहे. बदल्यात शेजारच्या मशीनवरच्या गड्याच्या दोन रात्रपाळ्या तुम्ही करणार आहात. तिकिटाचे पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच पाकिटातून काढून बाजूला ठेवले होते. हे सगळं मुद्दाम सांगतोय. पहाटे जो राग येणार आहे, त्यात हा हिशेबही असणार आहे.

रेणुका स्वरूप शाळेचं पटांगण. वर मांडव, खाली सतरंज्या, मागे खुर्च्या. कानटोप्या, मफलर, अंगाभोवती घट्ट लपेटलेल्या शाली, थर्मास, डब्यातल्या पुऱ्या. काही लोक उशी घेऊन आलेत. नावडता कलाकार लागला की ते झोपतात आणि नेमक्या वेळी उठून बसतात. बाहेर चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या गाण्याचा निकाल लागतो. हा महोत्सव १९५३ साली सुरू झाला, सवाई गंधर्वांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या निमित्तानं. शिष्यांनी गुरूसाठी गायचं, एवढंच त्याचं मूळ. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर, भीमसेन, तिघेही त्याच गुरूचे. भीमसेन नुसते गात नाहीत, महोत्सव उभाही तेच करतात, आणि गातात सगळ्यांच्या शेवटी. म्हणजे पहाट उलटल्यावर.

तुम्ही रात्र काढता. मधे डुलकी लागते, तबल्याच्या थापेनं जाग येते. तीनच्या सुमाराला थंडी सतरंजीतून वर चढते. पाचला तुम्ही तिसरा चहा घेता. मांडवाच्या कापडातून उजेड झिरपायला लागतो, दिवे फिके पडतात. आणि मग दोन तानपुरे जुळायला लागतात.

इथे जरा थांबा आणि नुसते तानपुरे ऐका. मी आयुष्यात फार थोड्या गोष्टी इतक्या काटेकोर जुळताना पाहिल्या. खुंटी फिरते, मणी सरकतो, जवारीचा दोरा किंचित हलतो, आणि अचानक दोन वाद्यांचा एकच आवाज होतो. मापाच्या माणसाला इथे एकदम घरी आल्यासारखं वाटतं.

भीमसेनजी डोळे मिटून बसलेत. पेटीवर पुरुषोत्तम वालावलकर, तबल्यावर नाना मुळे. षड्ज लागतो. मग कोमल ऋषभ, मग तो तोडीचा गंधार, जो पेटीच्या पट्टीत पूर्ण सापडत नाही, थोडा खालीच राहतो. तोडी! तुम्ही शेजाऱ्याचा हात दाबता. ज्यासाठी तीन रात्री जागलात तेच आलं.

आता त्यांचं काम कसं चालतं ते बघा. हातात बंदिशीच्या दोनचार ओळी आहेत. विलंबित एकताल, बारा मात्रांचं आवर्तन, ते फिरायला साधारण पाऊण मिनिट लागतं. त्या पाऊण मिनिटात काय भरायचं हे कुठे लिहिलेलं नाही. फक्त शेवटी मुखडा धरून समेवर यायचं, एवढा एकच करार. मधली सगळी मोकळी जमीन. किराणा घराण्याची रीत अशी की ती जमीन एका उडीत ओलांडायची नाही. षड्जापाशी घर करायचं, मग ऋषभाकडे जायचं, परत यायचं, मग गंधार. एकेका सुराची बढत करत वर चढायचं. याला आपल्याकडे उपज म्हणतात. शेतातल्या पिकाचा हा शब्द गाण्याला कुणी लावला माहीत नाही, पण ज्यानं लावला त्याला दोन्ही कळत असणार. जमीन तीच, बी तेच, पीक मात्र दर साली वेगळं. आणि काही साली येतच नाही.

भीमसेनजींचे हात हवेत काहीतरी ओढतायत, वळवतायत, पकडायला जातायत. चेहरा पिळवटतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते बघवत नाही. तुम्हाला माहीत आहे की या माणसाला गाडीच्या इंजिनाची जाण आहे, लांबलांबच्या मैफलींना तो स्वतः गाडी हाकत जातो, आणि मुंबईची मैफल असली की आपल्याच पिंपरी-चिंचवडमधून जुन्या रस्त्यानं त्याची गाडी जाते. म्हणून तुम्हाला हे हात ओळखीचे वाटतात. टूलरूममधला म्हातारा फिटर कानस मारताना असाच दिसतो. त्याचा एक फटका दुसऱ्यासारखा नसतो. पृष्ठभाग मात्र शेवटी आरशासारखा येतो.

बढत वर चढते आहे. मध्यम झाला, धैवत झाला. आता निषाद. तुम्ही सावरून बसता. उजवा हात मांडीवरून थोडा उचललेला आहे. आता थांबतील. आता ती जागा.

ते थांबत नाहीत. निषादाला नुसतं शिवून खाली येतात, धैवतावर, मग मध्यमावर, आणि तिथेच काहीतरी शोधत राहतात. पुढचं आवर्तन. पुन्हा वर जातात, पुन्हा शिवून खाली. आवाजात रात्रीचा खरखरीतपणा आहे. तिसऱ्या आवर्तनात तार षड्ज लागतो, पण कुठून लागला, कसा लागला, तुमच्या लक्षात यायच्या आत तो होऊन गेलेला असतो. मग ताना. एक तान इतकी लांबते की मुखडा कसाबसा पकडावा लागतो. समेवर डोकं हलतं, पण मनाचं समाधान होत नाही. तुमचा हात अजून तसाच अर्धवट उचललेला. तुम्ही तो हळूच खाली ठेवता.

हाच तो राग. मला तो नीट सांगू द्या. तीन रात्रींची झोप, दोन रात्रपाळ्यांचं कर्ज, तिकीट, आणि आवडतं ते मिळालं नाही. दुकानात गेलेल्या गिऱ्हाइकासारखा तो राग आहे आणि त्याची तुम्हाला त्याच क्षणी लाजही वाटते. समोरचा माणूस जीव तोडून गातोय. त्याला तुमच्या मांडीवरच्या हाताची खबर नाही. त्यानं तुम्हाला कधी शब्दही दिला नव्हता. तरी राग आहेच. दोन्ही एकाच छातीत, एकमेकांना न हलवता.

बाहेर टपरीवर निकाल लागतोय.

“आज काही लागलं नाही भीमसेनअण्णांचं.”

“आवाज बसला होता हो. रात्रभर जागा माणूस, सगळी व्यवस्था बघायची आणि वर गायचं.”

“परवा सोलापुरात काय गायले म्हणे! तोडीच. लोक रडले.”

हे तिसरं वाक्य तुम्हाला जन्मभर ऐकायचंय. खरी मैफल नेहमी तुम्ही नव्हतात तिथेच झालेली असते. सोलापुरात, मिरजेत, धारवाडात, कुणाच्या तरी घरच्या माडीवर पाचपन्नास माणसांत. ऐकणाऱ्याच्या जातीला हा शाप आहे आणि त्याच्यावर उतारा नाही.

पण टपरीवरून निघताना काहीतरी होतं. तुम्ही शिवाजीनगरकडे चालत जाताय आणि तोंडात तुमच्या आवडीची जागा येत नाहीये. येतंय ते मधलं. मध्यमावरचं ते शोधणं. तीव्र मध्यमाला धरून ते जे काही धुंडाळत होते आणि जे त्यांना सापडलं नाही, ते तुमच्या तोंडात बसलं आहे.

भोंगा.

चिंचवड, ऐंशीचं दशक. आता तुमच्याकडे दोन खोल्यांचं घर आहे, बायको आहे, एक मुलगी आहे आणि टेपरेकॉर्डर आहे. लाकडी फळीवर कॅसेटी. काही विकतच्या, बऱ्याचशा एकमेकांकडून उतरवून घेतलेल्या, पाठीवर बॉलपेननं लिहिलेल्या. त्यात तोडीच्या तीन. तीन वेगवेगळ्या मैफली. तुम्ही इन्स्पेक्शनचा माणूस, तेव्हा तुम्ही तेच करता जे तुम्हाला येतं. शंभर पानी वही घेता, उभ्या रेघा मारता आणि तिन्ही कॅसेटी एकमेकींशी ताडून बघता. कुठल्या आवर्तनात कुठला सूर, कुठली तान, कुठे मुखडा. बायको म्हणते, “अहो, गाणं ऐकताय की खातेवही लिहिताय?” तुम्ही उत्तर देत नाही.

आठवडाभरानंतर वही तुम्हाला जे सांगते ते ऐकायची तुमची तयारी नसते. ताना त्याच आहेत. सगळ्या नव्हेत, पण पुष्कळशा. वरून कोसळत येणारी ती तान, जी पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटलं होतं की याच क्षणी जन्मली, ती तिन्ही कॅसेटींत आहे. समेच्या आधीची ती फिरत तिन्हींत आहे. म्हणजे उपज उपज म्हणून जिच्यासाठी रात्री जागवल्या, ती अर्धी कोठारातली होती. पीक म्हणून जे दाखवलं ते साठवणीचं धान्य निघालं.

त्या रात्री तुम्ही टेपरेकॉर्डर लावत नाही. रेकॉर्डसारखं गायले नाहीत तेव्हा तुम्ही रागावलात. आता तेच तेच गायले म्हणून रागावताय. या दोन तक्रारी एकमेकींच्या विरुद्ध आहेत हे तुम्हालाही कळतं, पण दोन्ही खऱ्या आहेत. मी आजही त्यातली एकही मागे घेणार नाही. थोडेच राग निवडून तेच वर्षानुवर्षं गातात, असं भीमसेनांबद्दल जाणकार बोलत असत, आणि ते उगीच नव्हतं.

फक्त एक ठिकाण बघून या. लांब आहे, पण भोंगा एकच.

कुंदगोळ, धारवाड जिल्हा. १९३६ नंतरची काही वर्षं. गदगहून आलेला एक मुलगा गुरूच्या घरी पाण्याच्या घागरी भरतोय. काही वर्षांपूर्वी, अकरा वर्षांचा असताना, त्यानं अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकली होती. कुणाच्या तोंडून नव्हे, तबकडीवरून. तीन मिनिटांची तबकडी. तेवढ्यावर तो घर सोडून गुरू शोधत निघाला, ग्वाल्हेर, जालंधर असा भटकला आणि शेवटी घराजवळच, करीम खाँचेच शिष्य असलेल्या सवाई गंधर्वांपाशी येऊन थांबला. गुरू त्याला काय देतात? सकाळी तोडी, दुपारी मुलतानी, संध्याकाळी पूरिया. दुसऱ्या दिवशी तेच. पुढच्या महिन्यात तेच. पुढच्या वर्षी तेच. घागरी खांद्यावर, गळ्यात तोडी. गुरू समाधान झाल्याचं चटकन दाखवत नाहीत.

तुम्ही विहिरीच्या कठड्यापाशी उभे आहात आणि मुलगा गंधार लावतोय. लागत नाही. पुन्हा लावतो. शंभरदा. हे तुम्ही ओळखता. ॲप्रेंटिस असताना तुम्हालाही एका चौकोनी तुकड्याच्या सहा बाजू महिनाभर घासायला दिल्या होत्या. तुकड्याचा काही उपयोग नव्हता, शेवटी तो भंगारात गेला. राहिला तो हात. या पोराच्या गळ्यातही ताना आत्ता बसतायत, त्याच ताना ज्या तुमच्या वहीत तीनतीनदा आल्या. कोठार इथे भरलं जातंय, या उन्हात, एकेक दाणा.

मला विचाराल तर चिंचवडची ती वही चुकीची नव्हती, अपुरी होती. मी काय आलं ते लिहिलं. आधी काय येऊन गेलं, श्वास कुठे घेतला, कशानंतर काय आलं, त्याला मी रकानाच ठेवला नव्हता. पुढे ठेवला. तेव्हा दिसलं की तीच तान एका मैफलीत गंधारावरच्या लांब मुक्कामानंतर येते आणि वीज पडल्यासारखी वाटते, दुसऱ्या मैफलीत ती तिच्यासारख्याच दोन तानांच्या मागोमाग येते आणि नुसती तयारी वाटते. दाणे तेच. पेरणी त्या त्या पहाटेची. हे कळल्यानं माझा राग गेला, असं मात्र समजू नका. ज्या पहाटे पेरणी चुकते त्या पहाटे ती चुकतेच, आणि समोर बसलेल्याला ते सोसावं लागतं.

अभंगांच्या बाबतीत तर माझी तक्रार आणखी सरळ होती. राम फाटक, श्रीनिवास खळे यांच्या चाली पाच मिनिटांत पूर्ण होतात, घडवलेल्या दागिन्यासारख्या. आपल्या पट्ट्यातले कामगार त्या तोंडपाठ म्हणत. मैफलीत भीमसेनजी एका शब्दावर अडून बसत, विठ्ठल म्हणत दहा वाटांनी जात, आणि बरोबर गुणगुणणारे आमच्यासारखे वाटेत मागे पडत. मला त्यांच्याबरोबर गायचं होतं. ते पुढे निघून जात. वारीत पुढची दिंडी दिसेनाशी व्हावी तसं वाटे.

भोंगा. हा जरा बारीक ऐकू येईल, कारण आकुर्डीतला एक मोठा आवाज याच वर्षी थांबला आहे.

२००७. बजाजचं आकुर्डीतलं उत्पादन बंद झालंय, काम चाकणला आणि आणखी लांब गेलंय. डिसेंबरात महोत्सव आता रमणबागेच्या मैदानावर भरतो. रात्रभराच्या बैठकी संपल्यात. ध्वनिक्षेपकांना रात्री दहाची वेळ आली, त्याबरोबर पहाटेची तोडीही गेली. नियम योग्य आहे, शेजारी आजारी माणसं असतात, परीक्षेची मुलं असतात. तरी मला त्याचं दुःख आहे. घड्याळ समोर असलं की गाणारा शोधायला जात नाही. हमखास लागेल तेच देतो. मध्यमावर चाचपडण्याला वेळ लागतो आणि ती चैन रात्र मोठी असेल तरच परवडते.

पंच्याऐंशी वर्षांचे भीमसेनजी गायला बसतात. या महोत्सवातलं त्यांचं हे शेवटचं गाणं. तुम्ही आता साठीला आलात, गुडघे सतरंजीवर बसू देत नाहीत, मागे खुर्चीत आहात. आवाज म्हातारा आहे. तान जिथे कोसळायची तिथे आता पायरीपायरीनं उतरते. षड्ज मात्र लागतो. इतका लागतो की मैदानभर माणसं हलत नाहीत. तुम्ही कुठल्याही जागेची वाट बघत नाही. आयुष्यात पहिल्यांदा तुमचा हात मांडीवर शांत आहे. पुढच्या वर्षी त्यांना भारतरत्न जाहीर होईल आणि २४ जानेवारी २०११ ला ते जातील. महोत्सवाच्या नावात गुरूच्या नावापुढे शिष्याचं नाव जोडलं जाईल.

त्यांचं सर्वोत्तम गाणं मी किती ऐकलं, याचा हिशेब मी करून पाहिला आहे. अंगावर काटा आला अशा मैफली दोन हातांच्या बोटांवर येतील. बाकीच्या चांगल्या होत्या, बऱ्याच साधारण होत्या, काही फसल्या. पण आज, रात्री झोप येत नाही तेव्हा, डोक्यात वाजते ती काटा आणणारी मैफल नसते. ती पहाट असते, मध्यमावर अडकलेली. काय शोधत होते ते? निषादावर थांबले असते तर मला हवं ते मिळालं असतं आणि मी ते घेऊन घरी गेलो असतो. नाही थांबले, म्हणून ती तोडी अजून माझ्यात संपलेली नाही.

शेवटचा भोंगा.

बस हलली. मोशी मागे पडलं, भोसरीचा पूल आला. तुम्ही डोळे उघडलेत. फोनवर तोडी संपून दुसरंच काही लागलंय. आज घरी जाऊ नका. नाशिक फाट्याला उतरा, मेट्रोचा जिना चढा आणि स्वारगेटपर्यंत या. तिथून मुकुंदनगर जवळ आहे. महोत्सव आता तिथे, महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात होतो. कोण गाणार आहे हे मी सांगत नाही. तुमच्या पिढीचा कुणीतरी असेल, कोठार भरलेला. तुम्हाला हवी ती जागा बहुधा येणार नाही. राग आला तर येऊ द्या, तो दाबू नका, मी दाबला आणि त्यात बरीच वर्षं गेली.

आणि शेवटपर्यंत थांबा. शेवटच्या दिवशी शेवटच्या कलाकाराचं गाणं झालं की मांडवात एक जुनी तबकडी वाजवतात. सवाई गंधर्वांची भैरवीतली ठुमरी. उठायला निघालेली माणसं जिथल्या तिथे थांबतात. अर्धांगाच्या झटक्यानंतर सवाई गंधर्वांचं गाणं जवळपास थांबलंच होतं, त्यामुळे तबकडीतला हा आवाज त्याआधीचा, भरातला आहे. पाच दिवसांत इतक्या कलाकारांनी जे जे गायलं ते पुन्हा तसं होणार नसतं. ही तीन-साडेतीन मिनिटं मात्र दर वर्षी जशीच्या तशी असतात, त्याच श्वासाची, त्याच खरखरीची. ती संपली की महोत्सव संपतो.

मी मागे खुर्च्यांत असेन. मध्यमावरचं ते मला अजून नीट म्हणता येत नाही. तुम्हाला येत असेल तर म्हणून दाखवा.